देवीचा वण, गोवराचे कार्ड

नागपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, कन्हान नदीच्या खोऱ्यात वसलेले सावनेर तालुक्यातील खापरखेडा हे गाव महाराष्ट्राला ओळखीचे आहे ते तेथील औष्णिक वीजकेंद्रामुळे. परंतु ज्या कारणांनी हे गाव वाढले, त्याच कारणांनी तेथे लहान मुलांच्या साथरोगांचाही एक वेगळा इतिहास घडत गेला. कोळसा, आगगाडी, वीजनिर्मिती आणि वीटभट्ट्या यांच्यामागे माणसे आली, माणसांबरोबर लेकरे आली, आणि जेथे नवी लेकरे सतत येत राहतात तेथे गोवर या रोगाला जळणाचा तुटवडा कधी पडत नाही. या रोगावरची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात १९८५ साली आली. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांना ‘टोचून घेणे’ या शब्दांचा अर्थ प्रामुख्याने देवीची लस असाच ठाऊक होता, आणि त्या लसीची खूण दंडावर जन्मभर दिसत असे. गोवराची लस मात्र अंगावर कसलीही खूण ठेवत नाही. ती घेतली की नाही हे केवळ कागदावरून कळते. दंडावरचा वण आणि हातातले कार्ड यांतला हा फरक वरवर किरकोळ वाटला तरी, स्थलांतरितांच्या वस्तीत गोवराचा इतिहास समजून घेताना तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

विदर्भातील जुन्या गावांच्या शिवेवर बहुधा कडुलिंबाखाली मातामायचे ठाणे असते. शेंदूर लावलेले दोन-चार दगड, क्वचित एखादा लहानसा ओटा किंवा घुमटी, आणि त्यावर वाहिलेले लिंबू-नारळ एवढाच त्याचा पसारा. अंगावर फोड किंवा पुरळ उठवणारे सगळे ताप या मातेच्या अखत्यारीत मानले जात, म्हणून रोगाला ‘आजार’ न म्हणता ‘माता निघाली’, ‘देवी आल्या’, ‘बाया आल्या’ असे आदराने म्हणण्याची रीत होती. तरीही लोकांनी या तापांची सरमिसळ केलेली नव्हती. मोठ्या, खोल, पू भरणाऱ्या आणि वण ठेवणाऱ्या फोडांना देवी म्हणत, पाणी भरलेल्या उथळ फोडांना कांजण्या, आणि मोहरीच्या दाण्यांहून बारीक, तांबूस, हाताला जेमतेम लागणाऱ्या पुरळाला गोवर. ‘पोराले गोवर निघाला’ असे एखाद्या आजीने म्हटले, तर त्यामागे अनेक मुले पाहिलेल्या डोळ्यांची पारख असे. शास्त्रग्रंथांतही ही वेगळी ओळख जुनी आहे. इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या ‘माधवनिदान’ या आयुर्वेदीय ग्रंथात मसूरिकेच्या, म्हणजे मसुराएवढे फोड आणणाऱ्या रोगांच्या प्रकरणात ‘रोमान्तिका’ नावाचा एक विकार सांगितला आहे. त्यात आधी ताप येतो, खोकला आणि अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे असतात आणि केसांच्या मुळांशी लालसर पुरळ उठते. खोकल्याची ही नोंद मोलाची आहे, कारण गोवर हा मुळात श्वसनमार्गाचा रोग असून कातडीवरचे पुरळ हे त्याचे उशिरा दिसणारे चिन्ह आहे. त्यानंतर दोनेक शतकांनी इराणी वैद्य अल-राझी यांनी देवी आणि गोवर यांतील भेद स्पष्ट करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

घरात माता आली की पाळावयाचे नियम सगळ्या मराठी मुलखात थोड्याफार फरकाने सारखे होते आणि नागपूरच्या ग्रामीण भागात ते अनेक घरांत आजही आठवणीत आहेत. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधावयाचे, मुलाच्या अंथरुणात लिंबाचा पाला पसरावयाचा, खाज सुटली तर पाल्यानेच अंग चोळावयाचे. घरात फोडणी द्यावयाची नाही, तळण करावयाचे नाही. पुरुषांनी दाढी-हजामत करावयाची नाही. बाहेरच्या माणसाने आत यावयाचे नाही आणि घरातल्याने परक्या घरी जावयाचे नाही. पुरळ ओसरल्यावर लिंबाच्या पाण्याने मुलाला न्हाऊ घालून मातामायला दहीभाताचा थंड नैवेद्य द्यावयाचा. या रिवाजाला सरसकट अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. परक्यांना दाराबाहेर ठेवणारा नियम म्हणजे प्रत्यक्षात विलगीकरणच होते, लिंबाचा डहाळा ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना दुरून दिसणारी सूचना होती, आणि मुलाला थंड, शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवल्याने दुखऱ्या डोळ्यांना आरामही पडत असे. नुकसान होत असे ते दुसरीकडे. गोवरात मुलाचे पोषण झपाट्याने ढासळते आणि शरीरातील अ जीवनसत्त्वाचा साठा संपत जातो, नेमके त्याच वेळी तेल-तूप, अंडी आणि अनेक घरांत पालेभाज्याही वर्ज्य होत. शिवाय, गोवर ‘बाहेर पडू द्यावा’, औषधाने तो ‘आत जिरतो’ ही समजूत इतकी घट्ट होती की छाती भरलेले किंवा जुलाबाने कोमेजलेले मूल दवाखान्यात नेण्याऐवजी मातेचा कोप शांत होण्याची वाट पाहिली जाई. गोवराच्या बळींपैकी बरीच मुले पुरळाने नव्हे, तर पुरळानंतरच्या न्यूमोनियाने आणि हगवणीने दगावत. पुरळ मावळले की घरच्यांच्या लेखी माता निघून गेलेली असे, आणि त्यानंतरचा मृत्यू गोवराच्या नावावर धरलाच जात नसे.

सरकारी नोंदींतही त्याहून वेगळे घडत नव्हते. मध्य प्रांतात गावच्या जन्ममृत्यूची वार्ता गावचा कोतवाल पोलीस ठाण्यात पोचवत असे, आणि मृत्यूचे कारण तो लोक सांगतील तसे सांगे. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण असे मोजके ठळक रकाने असलेल्या त्या व्यवस्थेत गोवराने गेलेले मूल ‘ताप’ या अवाढव्य रकान्यात किंवा ‘हगवण’ या रकान्यात सहज विरून जाई. देवीची दहशत एवढी मोठी होती की तिच्या सावलीत गोवर हा बालपणीचा एक अटळ, काहीसा निरुपद्रवी संस्कारच मानला गेला. मूल एकदा गोवरातून उठले म्हणजे मगच ते आपले, असे आया म्हणत. गोवराविषयीची समाजाची ही सहनशीलता रोगाच्या सौम्यतेतून आलेली नव्हती. ती देवीशी केलेल्या तुलनेतून आलेली होती.

गोवर हा विषाणूजन्य रोग असून तो खोकला, शिंक आणि श्वास यांवाटे हवेतून पसरतो. रोगी खोली सोडून गेल्यावरही त्याचे विषाणू त्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतात, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या दहा माणसांचा रोग्याशी निकट संपर्क आला तर त्यांतील नऊजणांना रोग होतो. लागण झाल्यापासून दहा-बारा दिवसांनी ताप, वाहते नाक, कोरडा खोकला आणि लाल, पाणावलेले डोळे ही लक्षणे सुरू होतात. गालाच्या आतल्या बाजूस मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके उमटतात. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी १८९६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना कॉप्लिकचे ठिपके म्हणतात. त्यानंतर दोन-तीन दिवसांत कानामागून आणि कपाळावरून पुरळ सुरू होऊन ते खाली पायांपर्यंत उतरते. रोगी पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच रोग पसरवू लागतो आणि उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत पसरवत राहतो. दाराला लिंब बांधला जाई तो पुरळ दिसल्यावर, म्हणजे गल्लीतल्या मुलांना लागण होऊन चुकल्यावर. मायेने पाळलेला विलगीकरणाचा रिवाज गोवरापुढे हरत आला तो या चार दिवसांमुळे.

एकदा गोवर झालेल्यास तो सहसा पुन्हा होत नाही, या अनुभवाला शास्त्रीय आधार मिळाला तो उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर. १८४६ साली तेथे आलेल्या साथीत सुमारे ७,८०० लोकसंख्येपैकी ६,००० लोक आजारी पडले, तेव्हा पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरांना असे दिसले की १७८१ च्या मागील साथीत ज्यांना गोवर झाला होता ते वृद्ध पासष्ट वर्षांनंतरही त्यातून सुटले, आणि त्या वेळी गोवर न झालेले वृद्ध मात्र या खेपेस सापडले. गोवराने मिळणारे हे आजन्म संरक्षण खरे असले तरी त्याची किंमत अलीकडच्या काळात अधिक स्पष्ट झाली आहे. गोवराचा विषाणू रोगप्रतिकारक स्मृती वाहणाऱ्या पेशींवरच घाला घालतो, त्यामुळे इतर रोगांविरुद्ध शरीराने आधी कमावलेले संरक्षण बऱ्याच अंशी पुसले जाते आणि गोवरातून उठलेले मूल पुढे महिनोन्‌महिने, कधी दोन-तीन वर्षे, अन्य संसर्गांना सहज बळी पडते. ‘गोवर झाल्यापासून पोर खंगतच गेले’ असे जे घरोघरी म्हटले जाई त्याचे स्पष्टीकरण येथे मिळते. याखेरीज कान फुटणे, बुबुळावर व्रण पडून अंधत्व येणे, हजारात एखाद्या रोग्याच्या मेंदूला सूज येणे, आणि फार क्वचित, काही वर्षांनी मेंदूचा असाध्य ऱ्हास सुरू होणे, हेही गोवराचेच परिणाम आहेत.

विदर्भातील शेतकऱ्याला गोवराचा एक जवळचा नातलग पूर्वीपासून ठाऊक होता, तो म्हणजे गुराढोरांचे कळप रिकामे करणारी बुळकांडी. या दोन्ही रोगांचे विषाणू एकाच कुळातले असून, गुरांच्या विषाणूपासूनच फार पूर्वी माणसांतला गोवर वेगळा झाला असे संशोधक मानतात. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ साली जाहीर झाले, आणि तेही लसीच्या बळावर. या घराण्यातला एक रोग संपवता येतो हे अशा रीतीने आधीच सिद्ध झालेले आहे.

गोवराला टिकून राहण्यासाठी मोठी वस्ती लागते. लहान गावात एक साथ येते, सगळी मुले आजारी पडून एक तर दगावतात किंवा संरक्षित होतात, आणि विषाणूला पुढे जावयास कोणी न उरल्याने साथ आपोआप विझते. ती पुन्हा येते बाहेरून, पुरेशी नवी मुले जन्मल्यावर. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले की रोग अखंड तेवत राहण्यास साधारण अडीच ते पाच लाखांची सलग लोकसंख्या आवश्यक असते. या कसोटीवर नागपूरकडे पाहिले तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. १९३१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या २ लाख १५ हजारांच्या आसपास होती, १९४१ मध्ये ती ३ लाखांवर गेली; म्हणजे गोवराने शहरात कायमचे बिऱ्हाड करावे अशी स्थिती साधारण याच दशकात आली असली पाहिजे. त्यापूर्वीही छावणीचे गाव असलेल्या कामठीतून आणि नागपूर-छिंदवाडा या अरुंद रुळांच्या आगगाडीतून या पट्ट्यात माणसांची ये-जा होतीच. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत खापरखेड्याला औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. पुढे सिल्लेवाडा, वलनी, पिपळा, पाटणसावंगी येथील कोळसा खाणींच्या वसाहती वाढल्या. १९८९ आणि १९९० मध्ये नव्या वीजकेंद्राचे प्रत्येकी २१० मेगावॅटचे पहिले दोन संच, २००० आणि २००१ मध्ये तसेच आणखी दोन, आणि २०११ मध्ये ५०० मेगावॅटचा पाचवा संच सुरू झाला. प्रत्येक बांधकामाच्या काळात दूरदूरच्या मजुरांची झोपडी-वस्ती येथे उभी राहत गेली. ज्या खेड्यात गोवर एरवी चार-पाच वर्षांनी एकदा डोकावला असता, ते खेडे अशा रीतीने शहराच्या आणि परमुलखांच्या साथींना जोडले गेले.

टोचण्याच्या परंपरेचा आरंभ देवीपासून झाला. एडवर्ड जेन्नर यांच्या १७९६ च्या प्रयोगानंतर सहाच वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी देवीची लस टोचली गेली. १८८० च्या लसीकरण कायद्याने बालकांना देवी टोचणे सक्तीचे करण्याची तरतूद केली, मात्र ती निवडक नगरपालिका आणि छावण्या यांच्यापुरतीच होती. खेड्यापाड्यांत ‘देवी काढणारा’ सरकारी कर्मचारी समजूत घालून किंवा धाक दाखवून काम करी. त्याच्या कामाला एक मोठी सोय होती. लस लागली तर दंडावर खपली धरून गोल, किंचित खोलगट वण राही, म्हणून बाही वर करताच कोण टोचलेला आणि कोण राहिलेला हे एका नजरेत कळे. देवी निर्मूलन मोहिमेच्या अखेरच्या वर्षांत गावोगाव फिरणाऱ्या पथकांनी हीच खूण पाहून तपासणी केली. त्या मोहिमेची गोठवून कोरडी केलेली लस उन्हातही महिनाभर टिकाव धरी, त्यामुळे बर्फाविनाही ती वाडीवस्तीपर्यंत पोचू शकली. भारतातील देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आढळला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. देवी गेली आणि तिच्या सावलीत झाकलेला गोवर उघड्यावर आला.

त्या वेळी गोवराची लस अस्तित्वात येऊन सतरा वर्षे झालेली होती. बोस्टनमध्ये जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी १९५४ साली डेव्हिड एडमन्स्टन या तेरा वर्षांच्या आजारी विद्यार्थ्याच्या रक्तातून गोवराचा विषाणू वेगळा केला, तो पेशींवर पुन:पुन्हा वाढवून क्षीण केला, आणि त्यापासून बनलेल्या लसीला अमेरिकेत १९६३ साली परवाना मिळाला. क्षीण केलेला विषाणू रोग न जडवता शरीराला त्याची ओळख करून देतो, आणि खरा विषाणू आला तर त्याला अडवणारी प्रतिद्रव्ये आधीच तयार असतात, एवढेच या लसीचे मर्म आहे. त्याच वाणावर आजच्या क्रोएशियातील झाग्रेब येथे आणखी काम होऊन ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ हा वाण निघाला, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्यापासून बनवलेली लस पुढे भारताबरोबरच जगातील अनेक गरीब देशांतल्या मुलांपर्यंत गेली. ज्या देशातील कोट्यवधी मुलांपर्यंत ही लस फार उशिरा पोचली, त्याच देशाच्या एका शहरातून ती जगाला मिळू लागली, ही महाराष्ट्राच्या इतिहासातील अभिमानाने नोंदवावी अशी बाब आहे.

भारतात तिला वेळ लागला त्याचे एक मोठे कारण उष्णता होते. देवीच्या लसीसारखी ही लस ऊन सोसत नाही. कारखान्यापासून मुलाच्या दंडापर्यंत तिला थंड ठेवावे लागते, आणि गावातल्या शीतपेटीत तर २ ते ८ अंश सेल्सिअस या मर्यादेतच. या अखंड थंड प्रवासाला शीतसाखळी म्हणतात. १९७८ साली सुरू झालेल्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमात गोवर नव्हता. १९ नोव्हेंबर १९८५ रोजी सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तो आला, आणि त्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रांत बर्फाचे अस्तर असलेली खास शीतपेटी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बोलीतला ‘आयएलआर’, पोचू लागली. दिवसाकाठी आठेक तास वीज मिळाली तरी ती पेटी आतली थंडी राखते. खापरखेड्याच्या कोळशावर तयार होणारी वीज तारांवरून दूरच्या गावांत जाते ती केवळ दिवे आणि मोटारपंप चालवण्यासाठी नव्हे. एखाद्या आडवळणाच्या आरोग्य केंद्रात पाचशे बालकांच्या लसी जिवंत ठेवण्याचे कामही तीच वीज करते.

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जे घडते त्यातील प्रत्येक लहान कृतीला कारण आहे. आरोग्यसेविका, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘सिस्टर’, निळी किंवा पांढरी व्हॅक्सिन कॅरिअर सावलीत ठेवते. त्यात चार बर्फाच्या वड्या असतात. गोवर-रुबेला लसीच्या कुपीत कोरडी भुकटी असते, तिच्यासोबतचे द्रावण त्याच तापमानाचे असावे लागते, म्हणून तेही पेटीतच येते. दोन्ही एकत्र केले की कुपीवर वेळ लिहिली जाते, कारण मिसळलेली लस चार तासांच्या वर वापरावयाची नसते. पुढे त्यात जंतू वाढण्याचा धोका असतो, आणि कुपीत मात्रा उरल्या असल्या तरी त्या टाकून द्याव्या लागतात. एकदाच वापरता येणाऱ्या, पुन्हा न ओढल्या जाणाऱ्या सिरिंजने अर्धा मिलिलिटर लस मुलाच्या उजव्या दंडात कातडीखाली दिली जाते. नवव्या महिन्याच्या मात्रेसोबत अ जीवनसत्त्वाची १ लाख युनिटची गोड मात्रा चमच्याने पाजली जाते, पुढे दर सहा महिन्यांनी २ लाखांची. जुन्या रिवाजाने आजारी मुलाच्या ताटातून जे काढून घेतले होते, ते या चमच्याने परत मिळते असे म्हटल्यास वावगे होणार नाही. मग आईला चार गोष्टी सांगितल्या जातात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढे केव्हा यावयाचे, आणि कार्ड जपून ठेवावयाचे. पाच ते बारा दिवसांनी थोडा ताप किंवा विरळ पुरळ आले तर ते शरीराने लस ओळखल्याचे चिन्ह असून तो गोवर नव्हे. अर्धा तास तेथेच थांबून मग घरी जाण्यास सांगतात ते एखाद्या मुलास तीव्र ॲलर्जी झाली तर जागेवरच उपचार मिळावेत म्हणून.

पहिली मात्रा नऊ महिन्यांना का, आणि दुसरी का, हे प्रश्न आया वारंवार विचारतात. आईला गोवर झाला असेल किंवा तिने लस घेतली असेल तर तिच्या शरीरातील प्रतिद्रव्ये नाळेवाटे बाळाकडे येतात आणि काही महिने त्याचे रक्षण करतात. ती असताना लस दिली तर ती लसीतल्या विषाणूलाच निकामी करतात, आणि ती ओसरेपर्यंत फार थांबावे तर बाळ उघडे पडते. नऊ महिने हा या दोहोंतला मध्य आहे. या वयात सुमारे ८५ टक्के बालकांना संरक्षण मिळते. उरलेल्या पंधरा टक्क्यांसाठी दुसरी संधी हवी, म्हणून १६ ते २४ महिन्यांची दुसरी मात्रा. भारतात ती २०१० पासून येऊ लागली. दोन मात्रांनी सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळते, आणि गावातील ९५ टक्के मुलांना त्या मिळाल्या तर साथ पेटत नाही. त्यामुळे वयाने लहान असलेली, किंवा प्रतिकारशक्ती नष्ट करणाऱ्या उपचारांमुळे ही जिवंत लस घेऊ न शकणारी मुलेही इतरांच्या आडोशाने वाचतात.

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला, आधी लस घेतली असो वा नसो, एक मात्रा द्यावयाची होती; आधी शाळांत, मग अंगणवाड्यांत आणि वस्त्यांत. रुबेला हा गोवरासारखा दिसणारा सौम्य ताप असला तरी गर्भवतीला झाल्यास बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयदोष घेऊन जन्मू शकते; त्यातील मोतीबिंदूचा संबंध ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिला होता. या मोहिमेत टोचल्यावर मुलाच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण केली जात असे. देवीच्या वणानंतर कित्येक वर्षांनी लसीची दिसणारी खूण पुन्हा अवतरली होती, पण ती नखाबरोबर वाढून काही आठवड्यांत संपणारी होती. तेवढ्या काळात ती पाहून राहिलेली मुले शोधावयाची होती.

ही तटबंदी किती लवकर ढासळते हे २०२२ च्या अखेरीस दिसले. करोनाच्या काळात चुकलेल्या मात्रांची भर साचली आणि ऑक्टोबरपासून मुंबईत गोवंडी, पुढे भिवंडी, मालेगाव अशा दाट वस्त्यांत गोवराने मुलांचे बळी घेतले. राज्य सरकारने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले, आणि साथीच्या भागांत सहा महिन्यांच्या बालकांपासून जादा मात्रा देण्याचे धोरण आले. यातील अनेक मुलांच्या लसीची तारीख चुकली होती, घर बदलले होते, किंवा त्यांची नावे कोणत्याही यादीत नव्हती.

खापरखेड्याच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर हाच प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. दिवाळीनंतर छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून मजुरांची कुटुंबे येतात, नदीकाठची माती आणि वीजकेंद्राची राख मिसळून विटा पाडतात, आणि मृगाआधी परततात. हा मार्ग जुना आहे: रायपूर, दुर्ग, बिलासपूर हे जिल्हे एके काळी नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होते. भट्टीचा हंगाम आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंतचा गोवराचा हंगाम जवळजवळ एकच असतो. भट्टीवर आलेल्या बाळाचा नववा महिना येथे भरतो आणि सोळावा गावी. कोणत्याच गावच्या यादीत त्याच्या दोन्ही मात्रा सलग येत नाहीत. म्हणून लसीकरणाच्या नियोजनात वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा आणि भटक्यांची पाले यांची जोखमीच्या वस्त्या म्हणून वेगळी यादी केली जाते. आशा कार्यकर्ती झोपड्यांच्या ओळीतून फिरताना आईला कार्ड मागते आणि अनेकदा उत्तर येते की कार्ड गावच्या पेटीत राहिले आहे. अशा वेळी पाच वर्षांच्या आतल्या मुलासाठी नियम सरळ आहे: कागदाचा पुरावा नसेल आणि आईलाही खात्री नसेल, तर मूल टोचलेले नाही असे धरून मात्रा द्यावयाची, कारण आधी मिळालेली असली तरी जादा मात्रेने अपाय होत नाही. सर्दी, किरकोळ ताप किंवा अशक्तपणा हेही लस टाळण्याचे कारण नव्हे. उलट अशक्त मुलालाच गोवर सर्वांत जड जातो. मग विटांच्या ढिगाच्या सावलीत कॅरिअर उघडली जाते, कुपीवर वेळ लिहिली जाते, आणि आईच्या हाती नवे कार्ड पडते. त्यावर पुढच्या मात्रेची तारीख असते, आणि ती गावाकडे कुठल्या अंगणवाडीत घ्यावयाची हे सिस्टर तिला तिच्याच बोलीत दोनदा सांगते.